बाजव्याच्या गच्चीवरचा फोटो

बडोद्याहून आल्यापासून मिरजेत जो भेटेल तो विचारतो, "मग काय काय पाहिलं?" राजवाडा पाहिला का, कमाटीबाग पाहिली का, सूरसागर कसं आहे. मी सगळ्याला हो म्हणते. राजवाडा मी चालत्या रिक्षातून पाहिला, कमाटीबागेत एका दुपारी झाडाखाली बसून डबा खाल्ला आणि सूरसागराच्या काठावर चप्पल तुटली म्हणून थांबले, एवढंच. बडोदं बघायला मी गेलेच नव्हते. मी फोटो काढायला शिकायला गेले होते. ते शिकून आले, आणि तेच अजून पचलेलं नाही.

मिरजेत आमचं औषधांचं दुकान आहे. मी आणि नवरा आलटून पालटून बसतो. दहा-बारा वर्षांपूर्वी ओळखीच्या एका डॉक्टरांनी आपला जुना कॅमेरा विकायला काढला, तो मी घेतला, आणि तेव्हापासून माझे रविवार कॅमेऱ्याचे झाले. कृष्णेच्या घाटावरचं धुकं, हळदीच्या ढिगाशी काम करून पिवळ्या झालेल्या बायका, तंबोऱ्यासाठी वाळत टाकलेले भोपळे. आमच्या फोटोग्राफी क्लबात बक्षिसं मिळाली. ते फोटो मी दुकानात काउंटरमागे लावले. औषध घ्यायला आलेली माणसं मान वर करून म्हणायची, "वा, अगदी कॅलेंडरसारखं!" आधी बरं वाटायचं. मग हळूहळू तो शब्द टोचायला लागला. कॅलेंडरचं पान महिना संपला की फाडतात.

बडोद्यातले एक नावाजलेले फोटोग्राफर दरवर्षी संक्रांतीच्या सुमाराला आठवड्याची कार्यशाळा घेतात. आधी काम मागवतात, त्यातून मोजकी माणसं निवडतात, आणि शेवटी सगळ्यांचं मिळून प्रदर्शन होतं. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. तिथे सगळे त्यांना नुसतं 'सर' म्हणत, मीही तेच म्हणते. त्यांचे फोटो मी वर्षानुवर्षं मोबाइलवर मोठे करकरून पाहिले होते. यंदा त्यांच्याकडून निवड झाल्याचा निरोप आला, तेव्हा दुकानात गिऱ्हाईक उभं होतं आणि मी त्याला खोकल्याऐवजी पित्ताचं औषध काढून दिलं. नवऱ्याने हसत ते परत घेतलं आणि म्हणाला, "जा तू. दुकान मी बघतो."

बाजवा

राहायची सोय शालनमावशीकडे झाली. शालनमावशी म्हणजे माझ्या आईची मावसबहीण, मूळची सांगलीची. लग्न होऊन बाजव्याला गेली ती तिथलीच झाली. बाजवा हे बडोद्याच्या कडेचं गाव, शेजारी मोठी रिफायनरी. काका तिथल्याच एका कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त आहेत. त्यांचं घर म्हणजे सोसायटीतलं बैठं घर, वर गच्ची, दारात तुळस आणि ओट्यावर झोपाळा. दिवाळीत रंग दिलेला होता. मी रिक्षातून उतरले तर मावशीने आधी घराकडे हात केला.

"कसा आलाय रंग? काकांना पिवळा हवा होता. मी म्हटलं, नाही, आकाशी दे. बराबर ना?"

"छान आलाय गं."

"मग फोटो काढ ने. तुझा कॅमेरा काय फक्त नदीचेच काढतो?"

मावशीचं मराठी ऐकत बसावं असं आहे. मूळ सांगलीचा हेल तसाच आहे आणि त्यावर 'ने' आणि 'केम' पेरलेले. 'घे ने', 'बस ने', 'केम उशीर?' भाजीला शाक म्हणते, ताकाला छाश. शेजारच्या हंसाबेनशी गुजरातीत बोलता बोलता माझ्याकडे वळून मराठीत बोलते, आणि आपण भाषा बदलली हे तिच्या ध्यानातही नसतं.

पहिल्या सकाळी तिने सेव उसळ खायला घातली. आपल्या मिसळीची चुलत बहीण म्हणता येईल. वाटाण्याचा पातळ रस्सा, वर शेवेचा ढीग, पाव, आणि बाजूला वाटीत लालभडक तरी. मी आपली कोल्हापूरच्या बाजूची म्हणून ऐटीत सगळी तरी ओतली आणि दोन घासांत नाकाडोळ्यांतून पाणी आलं. काका खुर्चीत मागे रेलून इतके हसले की त्यांना खोकल्याची उबळ आली. खोकला जुना आहे. "बिडीचा आहे हं," ते मला सांगायला लागले, "लोकांना वाटतं कारखान्याचा. कारखान्याने मला घर दिलं. खोकला मी स्वतः कमावला."

संध्याकाळी मावशी आणि मी ओट्यावर तुरीचे हिरवे दाणे सोलत बसलो होतो. तिथे थंडीत त्यांची कचोरी करतात. लांब, घरांच्या पलीकडे, रिफायनरीच्या धुराड्यावर ज्योत जळत होती. मी नकळत तिकडे बघत राहिले. मावशीच्या ते लक्षात आलं.

"माझ्या लग्नात तुझी आजी रडली होती," ती म्हणाली. "पोरीला धुरात दिली म्हणून. आणि मग मी माहेरी गेले की सगळ्या बायका माझ्याकडे अशा बघायच्या. बिचारी शालन. काय खाते, कुठे राहते. मी मुद्दाम चांगली साडी नेसून जायचे. हसत जायचे. आजपर्यंत एकदाही तिकडे रडून दाखवलं नाही. आणि रडण्यासारखं होतं काय? दोन मुली शिकल्या, स्वतःचं घर झालं. धूर काय, वर जातो."

मी मान डोलावली. हे सगळं मी ऐकलं होतं, नीट ऐकलं होतं. पुढे जे झालं ते मला माहीत नव्हतं म्हणून झालं, असं म्हणायची सोय मला नाही.

फतेगंज

कार्यशाळा फतेगंजात एका जुन्या बंगल्याच्या मागच्या हॉलमध्ये होती. विद्यापीठ जवळ, त्यामुळे रस्त्यावर सगळी तरुण पोरं, चहाच्या टपऱ्या, मॅगी आणि मोमोचे गाडे. कार्यशाळेतही बहुतेक मुलं माझ्या मुलीच्या वयाची. किंजल नावाची एक मुलगी हॉलची व्यवस्था बघायची, तिने पहिल्या दिवशी मला कुणाची तरी आई समजून बाहेर खुर्ची दिली.

सर बडोद्याच्या जुन्या मराठी घराण्यातले. पणजोबा संस्थानात मोठ्या हुद्द्यावर होते, असं ते कधीतरी बोलता बोलता म्हणाले. मराठी स्वच्छ, जरा पुस्तकी. आवाज कधी चढायचा नाही. प्रत्येकाने आणलेले फोटो त्यांनी टेबलावर मांडायला लावले. माझे मांडले तेव्हा ते बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, आवडले.

"मेधा, यातला तुमचा कुठला?"

"सगळे माझेच आहेत, सर."

"काढलेले तुमचे आहेत. पाहिलेले कुणाचे आहेत?" त्यांनी धुक्याचा फोटो उचलला. "हा मी शंभर वेळा पाहिलाय. तुम्हीही पाहिला होता, काढायच्या आधी. घाटावर जाऊन तुम्ही तो फक्त शोधलात."

कान गरम झाले. सगळी पोरं टेबलाकडे बघत होती, माझ्याकडे कुणी बघेना, हे जास्त लागलं. चहाच्या सुट्टीत मी बाहेर जाऊन नवऱ्याला फोन लावला आणि परत येते म्हणाले. तो म्हणाला, "तो खोटं बोलला का?" खोटं बोलला नव्हता. कॅलेंडर हा शब्द सरांनी न उच्चारता मला समजावून दिला होता.

आत गेले. बसले. त्या दिवसापासून सरांचा शब्द न् शब्द मी टिपून घेत होते. माणूस बोचरा होता, पण त्याला दिसत होतं. एखाद्याच्या फोटोवर ते बोट ठेवायचे, "इथून पाहा," आणि तोच फोटो एकदम उघडायचा. असं कुणी मला आजवर शिकवलंच नव्हतं. आमच्या क्लबात फक्त टाळ्या मिळायच्या.

मांडवी

सरांचा नियम होता : सुंदर काही काढायचं नाही. एका जागी उभं राहायचं, कंटाळा येईपर्यंत. कंटाळ्याच्या पुढे गेलं की दिसायला लागतं.

मला मांडवी दिली. मांडवी म्हणजे जुन्या शहराचा मधला दरवाजा, चारी बाजूंना बाजार. संक्रांतीच्या आधीचे दिवस, तिकडे तिला उत्तरायण म्हणतात. आपल्याकडे तेव्हा तिळगूळ आणि हळदीकुंकू, आणि बायकांची वाण लुटायची गडबड. तिथे सगळं शहर दोऱ्यासाठी वेडं झालेलं. रस्त्याच्या कडेला मोठमोठी चाकं फिरतायत, माणसं हातात गुलाबी लगदा घेऊन त्यातून दोरा ओढतायत, मांजा सुकतोय. मी एका मांजावाल्याच्या समोर उभी राहिले. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "बेन, फिरकी भरायची आहे?" नाही म्हटलं. आणखी थोड्या वेळाने त्याने स्टूल दिलं. मग चहा. मग तो मला विसरला, आणि मला खरोखरच दिसायला लागलं. त्याची गुलाबी झालेली बोटं कानामागे खाजवताना, त्याची बायको डबा उघडून वास घेताना, दोरा तुटल्यावर दोघांची एकमेकांकडे बघायची रीत.

मग बैल आला. बाजारातला मोकाट बैल, कुणी हाकलला, तो चाकांमधून घुसला, मी स्टुलावरून मागे सरकले ती थेट लगद्याच्या घमेल्यात बसले. मांजावाल्याची बायको पोट धरून हसली. पंजाबी ड्रेस मागून गुलाबी, कॅमेऱ्याची पट्टी गुलाबी. त्या अवतारात मी शेअर रिक्षातून बाजव्याला गेले. हंसाबेन फाटकात उभी होती, तिने बघितलं आणि सोसायटीभर सांगितलं. मावशीने ड्रेस रात्रभर साबणात भिजवला. तो डाग गेला नाही, पण ते फोटो सरांनी बघितले आणि पहिल्यांदा म्हणाले, "हं."

त्या 'हं'साठी मी काय काय दिलं असतं, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

उत्तरायण

त्या दिवशी कार्यशाळेला सुट्टी. सगळं बडोदं गच्चीवर. सकाळपासून स्पीकर, "काप्यो! लपेट, लपेट!" अशा आरोळ्या. मावशीने उंधियू केलं होतं, जिलबी बाहेरून आणली होती. तेलात न्हालेल्या उंधियूबरोबर जिलबी, हे आपल्याला विचित्र वाटतं. दुसऱ्यांदा वाढून घेतलं मी.

दुपारी उन्हं कलल्यावर काका फिरकी पोटाशी धरून उभे होते. समोरच्या गच्चीवरचा मुलगा आमचा पतंग उडवत होता, काका नुसते फिरकीचे मालक. डोक्यावर लोकरीची माकडटोपी, वर गोंडा. कुठूनसा कापलेला मांजा गच्चीवरून सरपटत गेला, गोंड्यात अडकला, आणि टोपी काकांच्या डोक्यावरून उचलली जाऊन तरंगत हंसाबेनच्या गच्चीवर गेली. काका टक्कल उघडं, तोंड उघडं, फिरकी तशीच छातीशी, आकाशाकडे बघतायत. आणि शेजारी मावशी. तिला हसू आवरेना. तिने पदर तोंडावर दाबला, डोळे घट्ट मिटले, कमरेत वाकली. मागे लांब धुराडी, धूर, आणि दिवसाही दिसणारी ती ज्योत.

मी कॅमेरा उचलला आणि बटण दाबलं. एकदाच दाबता आलं. दुसऱ्या क्षणी मावशी खाली बसली होती आणि हंसाबेन पलीकडून टोपी हलवत होती.

मला त्याच क्षणी कळलं की फोटो आलाय. इतक्या वर्षांत असं कधी कळलं नव्हतं. संध्याकाळी मावशीला स्क्रीनवर दाखवला. तिने चष्मा लावून बघितला, पुन्हा हसली, म्हणाली, "अगं बाई, कशी दिसतेय मी! आणि ह्यांचं डोकं बघ, नारळ." काकांनीही बघितला. काकांना टोपी दिसत नाही याचं वाईट वाटलं.

पुन्हा फतेगंज

सरांनी तो फोटो मोठ्या पडद्यावर लावायला सांगितला. मग ते पुढे झाले आणि संगणकाशी बसले.

"हे गृहस्थ काय करतायत इथे?"

मी टोपीची गोष्ट सांगितली. पोरं हसली. सर हसले नाहीत.

"ही गोष्ट तुम्हाला माहीत आहे. फोटोला माहीत नाही. हे गृहस्थ इथे गंमत करतायत, त्यामुळे तुमचं लक्ष तिकडे जातं, आणि इथे..." त्यांनी चौकटीची उजवी कड धरली आणि सावकाश आत सरकवली. फिरकी गेली. काकांचा खांदा गेला. टक्कल गेलं. उरली मावशी, वाकलेली, डोळे मिटलेली, तोंडावर पदर दाबलेली, आणि तिच्या डोक्यावर सगळं आकाशभर धूर.

मागे कुणीतरी श्वास आत ओढलेला ऐकू आला. मीही ओढला असेन.

ते चित्र भयंकर होतं. आणि आधीच्यापेक्षा चांगलं होतं. हे मी आजही सांगते, कारण ते खरं आहे. सगळं जागच्या जागी होतं, नजर कुठे भरकटत नव्हती. असा फोटो माझ्या हातून कधी झाला नव्हता.

"करू?" सरांनी विचारलं.

मावशी मला दिसत होती. ओट्यावर दाणे सोलणारी, चांगली साडी नेसून हसत माहेरी जाणारी. तरी मी म्हणाले, "करा."

प्रदर्शनात तो दारासमोरच्या भिंतीवर लागला, सगळ्यांत मोठा. सरांनी त्याला 'श्वास' नाव दिलं आणि खाली चार ओळी लिहिल्या. ज्या हवेत ती जगते, तीच तिला नाकारते, अशा काहीशा. सर स्वतः म्हणाले, "आता तुम्हाला सुरुवात झाली, मेधा." त्या वाक्यावर मी दोन दिवस तरंगत होते. मावशीला एवढंच सांगितलं की तुझा फोटो लागलाय. ये असं काही म्हटलं नाही. बाजव्याहून फतेगंज तसं लांब, काकांना दगदग सोसत नाही, ती कशाला येतेय, असा माझा हिशेब.

पण निमंत्रण काकांच्या व्हॉट्सॲपवर मीच पाठवलं होतं, पहिल्या दिवसाच्या उत्साहात.

उद्घाटनाला बरीच गर्दी होती. मी कुणाशी तरी बोलत होते, आणि दारात मावशी दिसली. मोरपंखी रेशमी साडी, केसात गजरा. मागे काका इस्त्रीच्या शर्टात, आणि हंसाबेन, आणि सोसायटीतल्या आणखी दोघी. माझ्याकडे बघून मावशीने हात हलवला. मग तिची नजर भिंतीवर गेली.

ती जवळ गेली. तिला वाचायला चष्मा लागतो, तिने पर्समधून तो काढला, आधी फोटो बघितला आणि मग खालच्या चार ओळी वाचल्या. ओठ हलवत वाचल्या.

काका फोटोच्या उजव्या कडेशी गेले, भिंतीवर बोट टेकवलं.

"मी इथे होतो ने," ते म्हणाले. "फिरकी धरून. मी कुठे गेलो?"

हंसाबेनने मावशीच्या पाठीवर हात ठेवला आणि गुजरातीत काहीतरी पुटपुटली. मावशीने तो हात हळूच बाजूला केला. तेवढ्यात एक तरुण मुलगी पुढे आली, तिने मावशीला ओळखलं होतं. तिचे डोळे खरोखर भरून आले होते. "आंटी, ये आप हैं ना? आप लोग कैसे रहते हैं वहाँ?"

मावशी तिच्याकडे बघून हसली. ते हसू मला लहानपणापासून माहीत आहे, सांगलीला लग्नकार्यात आल्यावरचं. "मजे में रहते हैं, बेटा," ती म्हणाली. "हमारे यहाँ भी आना."

मग तिने काकांचा हात धरला आणि सगळे बाहेर गेले. चहा ठेवला होता, कुणी घेतला नाही. मी मागे धावले. रिक्षात बसता बसता मावशी एवढंच म्हणाली, "तू आटपून ये. जेवायला थांबतो."

मी परत आत आले आणि सरांना गाठलं.

"सर, तो फोटो काढा. नाहीतर पूर्ण लावा."

"काय झालं?"

"त्या माझ्या मावशी आहेत. आल्या होत्या. त्या हसत होत्या, सर. काका बिडीने खोकतात आणि त्यांना तर आपण काढूनच टाकलंय. हे जे खाली लिहिलंय ते त्यांचं नाही."

"त्या आल्या म्हणून तुम्हाला हे दिसलं. त्या आल्या नसत्या तर?"

मी वळून भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं.

"दोन्हींपैकी चांगला कुठला?" त्यांनी विचारलं. "भाची म्हणून नका सांगू."

"हा," मी म्हणाले.

"मग आपण कशाबद्दल बोलतोय?" आणि ते शांतपणे दुसऱ्या पाहुण्यांकडे वळले.

दुसऱ्या सकाळी रावपुऱ्यातल्या एका स्टुडिओत मी पूर्ण फोटो छापून घेतला, काकांसकट. तो घेऊन हॉलवर गेले. किंजलने दार उघडलं. मी स्टुलावर चढले आणि 'श्वास' खाली काढला. किंजल घाबरून सरांना फोन लावत होती. सर आले तोवर पूर्ण फोटो मी त्या खिळ्याला टेकवून बघितला होता. आणि बघता बघता मलाच कळलं होतं की त्या भिंतीवर तो उभा राहत नाही. घरातल्या अल्बममधला वाटत होता.

सरांनीही तो बघितला. "घेऊन जा दोन्ही," ते म्हणाले. रागावलेही नाहीत. "भिंत रिकामी राहील, राहू दे. पण मेधा, असा फोटो तुम्हाला परत मिळेल असं समजू नका. बहुतेकांना एकदाही मिळत नाही."

दोन्ही फोटो काखेत धरून मी बाजव्याला आले. काका ओट्यावर होते. पूर्ण फोटो बघून त्यांना खूप आनंद झाला. "शालन, बघ, मी आहे यात!" मावशी हात पुसत बाहेर आली. बघितला.

"छान आहे," ती म्हणाली. मग फोटो हातात घेऊन, "हा होता तुझ्याकडे?"

"हो."

"पहिल्यापासून?"

"हो."

"मला वाटलं, मशीनमध्ये कापला गेला असेल," ती म्हणाली. "आमच्या मुलीच्या लग्नाच्या फोटोंत तसं झालं होतं."

मी माफी मागितली. बरंच काय काय बोलले, सर, कार्यशाळा, चौकट, फोटो काढून आणला ते. मावशीने सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "चुकून झालं असतं तर मी काहीच म्हटलं नसतं. तू दोन्ही बघितलेस आणि तो निवडलास ने." आणि कणीक मळायला आत गेली.

निघायच्या दिवशी तिने गाडीत खायला मेथीची ढेबरं बांधून दिली, हिरवा चिवडा दिला, मुलीसाठी बांगड्या दिल्या. कशात काही कमी केलं नाही. फाटकाशी म्हणाली, "पोहोचलीस की काकांना फोन कर."

मिरज

तो फोटो मी भिंतीवरून उतरवला, पण उद्घाटनाला आलेल्या लोकांनी मोबाइलवर घेतला होता. तो फिरला. पुण्याहून, मुंबईहून अनोळखी लोकांचे निरोप आले. आमच्या क्लबातले जुने अध्यक्ष दुकानात येऊन म्हणाले, "मेधाताई, हा तुमचा पहिला खरा फोटो." एका मोठ्या प्रदर्शनासाठी त्याची मागणी आली आहे. मी नाही म्हटलेलं नाही. होही म्हटलेलं नाही. ते पत्र उघडते, वाचते, बंद करते.

काउंटरमागचे धुक्याचे, हळदीचे फोटो मी काढून टाकले. ते आता बघवत नाहीत, सरांनी ते कायमचे मारले. रविवारी घाटावर जाते. माणूस दिसला की कुठे कापायचं ते आधी दिसतं. पोरं पाण्यात उड्या मारत असतात, कडेला आजोबा टॉवेल घेऊन उभे असतात, आणि माझा हात आपोआप आजोबांना बाहेर ठेवायला वळतो. मी चांगली फोटोग्राफर झाले आहे. यात काही शंका नाही.

मे महिन्यात सांगलीला आमच्या एका मामेभावाचं लग्न होतं. मावशी येणार हे ठाऊक होतं. मी कॅमेरा नेला नाही. हॉलमध्ये शिरले तर ती समोरच बायकांच्या घोळक्यात बसलेली, जांभळी पैठणी, हसत काहीतरी सांगत होती. कुणी तरी म्हणालं, "शालन, तुझा तो फोटो बघितला गं मोबाइलवर. फार वाईट वाटलं. तिकडे हवा इतकी खराब आहे?" मी जागीच उभी राहिले.

"अगं, ते फोटोत तसं दिसतं," मावशी म्हणाली. "आम्ही बरे आहोत."

मग तिने मान वळवली आणि मला बघितलं. ती उठली. मला वाटलं, गालावरून हात फिरवेल, नेहमीसारखी 'अगं मेधा' म्हणेल. तिने साडीचा पदर सारखा केला आणि सगळ्यांच्या समोर, अगदी नीट, परक्या घरच्या पाहुणीशी बोलावं तसं विचारलं,

"या मेधाताई. बऱ्या आहात ने?"